माझ्या छोट्या भाषेतील संदर्भगणना : तिसरी नोंद

गेले दोन रविवार बडोद्यात, दांडिया बाजारातील घराच्या माळ्यावर बसून, माझ्या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या इंटरप्रिटरमधील (त्या भाषेतील प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील) संदर्भगणनेचे, म्हणजे निर्देश मोजून मेमरी मोकळी करण्याचे, काम बरेच पुढे नेले. प्रत्येक ऑब्जेक्टच्या, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या मूल्याच्या, आरंभी एक पूर्णांक आहे. एखादे नाव किंवा यादीतील जागा त्या ऑब्जेक्टकडे निर्देश करू लागली की तो एकाने वाढतो, निर्देश सुटला की घटतो आणि शून्यावर येताच मेमरी तत्क्षणी परत केली जाते. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडलेली ही पद्धत पायथॉन भाषेचा मुख्य इंटरप्रिटर सीपायथॉन आजही वापरतो.

सर्वाधिक वेळ गेला तो ‘क = क’ या एका ओळीत. नेमणूक करताना (नावाला मूल्य देताना) मी जुन्या मूल्याची संख्या आधी घटवत होतो आणि नव्याची नंतर वाढवत होतो. येथे जुने आणि नवे एकच असल्यामुळे, त्याच्याकडे अन्य कोणाचा निर्देश नसला की पहिल्याच पावलात ऑब्जेक्ट नष्ट होई आणि दुसऱ्या पावलात मोकळ्या झालेल्या मेमरीत एक मिळवला जाई. आता आधी नव्याची संख्या वाढवतो, मग नवे मूल्य जागेवर ठेवतो आणि जुन्याची संख्या सर्वांत शेवटी घटवतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण जुने ऑब्जेक्ट नष्ट होताना त्याचे समापन-फंक्शन (शेवटची आवराआवर करणारे) चालते आणि ते हीच जागा वाचू शकते. तेथे मेलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता उरून चालणार नाही.

दहा लाख दुव्यांची साखळी सोडताना स्टॅक (चालू फंक्शनांची नोंद ठेवणारी मर्यादित मेमरी) संपला, कारण प्रत्येक दुवा पुढच्याला मुक्त करणारे फंक्शन पुन्हा आतून बोलावत होता. मुक्त करायच्या ऑब्जेक्टांची रांग लावून लूप चालवल्यावर तो प्रश्न सुटला. रांगेसाठी वेगळी मेमरीही लागली नाही : संख्या शून्य झाल्यावर संख्येचा तो ६४ बिटांचा रकाना निरुपयोगीच असतो, म्हणून पुढच्या ऑब्जेक्टचा पत्ता तेथेच ठेवतो.

चक्रे मात्र शिल्लक आहेत. पालक मुलाला आणि मूल पालकाला धरून असेल, तर बाहेरचे सर्व निर्देश सुटूनही दोघांची संख्या एकवर अडून राहते. पायथॉनमध्ये यासाठी २.० आवृत्तीपासून स्वतंत्र कचरा-संकलक (निरुपयोगी ऑब्जेक्ट शोधून मेमरी मोकळी करणारा भाग) आहे : संख्यांची प्रत घेऊन त्यातून गटातील परस्परांचे निर्देश वजा केल्यावर ज्यांची बाकी शून्याहून अधिक उरते ते, आणि त्यांच्यापासून पोहोचता येणारे, जिवंत राहतात. पालकाकडे जाणारा निर्देश मी तूर्त न मोजता ठेवला आहे. वजाबाकीचा भाग पुढील रविवारी लिहायला घेईन.