आमची वाटचाल : दापोलीतली अँटिबॉडी

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या ठरावीक प्रथिनांच्या जोरावर. त्यांतलं ई-कॅडहेरिन हे आमचं पहिलं काम. त्याची पकड कॅल्शियम असेल तोवरच टिकते. क्योटोतल्या मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून ही प्रथिनं जगाला कळली. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा नाहीसं झालेलं असतं. ते पेशीवर आहे की नाही, हे दाखवणारी पॉलिक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे त्या प्रथिनालाच नेमक्या चिकटणाऱ्या अनेक प्रथिनांचं मिश्रण, आम्ही बनवतो. फक्त संशोधनासाठी, रोगनिदानासाठी नव्हे.

दापोलीतच का, असं सगळे विचारायचे. शिकून गावी परत यायचं होतं, एवढंच कारण. ज्यांच्या रक्तातून अँटिबॉडी मिळते ते ससे मात्र इथे ठेवत नाही. कोकणातला दमट उकाडा त्यांना सोसत नाही. ते घाटावरच्या नोंदणीकृत प्राणिगृहात, तिथल्या नीतिसमितीच्या देखरेखीखाली असतात. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, बर्फात येतं आणि पुढचं सगळं काम इथल्या मुली करतात. बहुतेकजणी दापोली-खेडच्या विज्ञान पदवीधर. त्यांच्या हातांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

सशाला मानवी प्रथिनाचा तुकडा टोचला की त्याच्या अनेक बी-पेशी त्या तुकड्याच्या वेगवेगळ्या भागांविरुद्ध अँटिबॉडी तयार करतात. ऊती टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनमुळे एखादा भाग झाकला गेला, तरी दुसरा सापडण्याची आशा राहते. हेच पॉलिक्लोनलचं बळ. पण ससा बदलला की मिश्रणही बदलतं, आधीचं पुन्हा मिळत नाही. म्हणून प्रत्येक लॉट आम्ही नव्याने तपासतो. टोचण्याआधीचं सीरम तुलनेसाठी राखून ठेवतो. एन- आणि पी-कॅडहेरिन ही ई-कॅडहेरिनची सख्खी भावंडं, त्यामुळे तुकडा निवडतानाच जिथे त्यांची रचना वेगळी आहे तो भाग घेतो. मग तोच तुकडा बसवलेल्या कॉलममधून सीरम सोडतो. नेमकी अँटिबॉडी तिथे अडकते, बाकीचं वाहून जातं. आम्लाने ती सोडवली की लगेच उदासीन करावी लागते, इथे हयगय चालत नाही.

वेस्टर्न ब्लॉट ही प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी. तिच्यावर एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या दोन स्तन-कर्करोग पेशींचे अर्क शेजारी शेजारी लावतो. पहिल्यात १२० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास पट्टा दिसलाच पाहिजे. दुसऱ्यात ई-कॅडहेरिन नसतं, तिथे काहीही दिसता कामा नये. ती रिकामी जागा मला पट्ट्याइतकीच महत्त्वाची वाटते. दोन्हींचा फोटो आम्ही प्रत्येक लॉटसोबत देतो, आणि अँटिबॉडी कुठे चालत नाही तेही छापतो. त्यामुळे काही ऑर्डरी गेल्या. पण ज्या संशोधकांनी ते वाचून घेतलं, ते टिकले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले, झाडांनी रस्ते अडले. जनरेटरचं डिझेल संपेल या धास्तीने आम्ही फ्रीजरचं दारसुद्धा उघडत नव्हतो. माल वाचला, ग्लिसरॉल या टिकवणाऱ्या द्रवातल्या अँटिबॉडीने धीर दिला. लाईट पूर्ववत झाल्यावर पहिला खर्च केला तो फ्रीज-ड्रायरचा, म्हणजे अँटिबॉडी गोठवून वाळवणाऱ्या यंत्राचा. कोरडी पावडर कुरिअरच्या उन्हातही टिकते. फक्त इथल्या जुलैत ती हवेतला ओलावा क्षणात ओढते, म्हणून व्हायलची बुचं यंत्राच्या आतच, निर्वातात बसवतो.

सध्या एपकॅम या पेशींवरच्या दुसऱ्या प्रथिनाच्या अँटिबॉडीवर काम सुरू आहे. ब्लॉटवर ती छान चालते, फॉर्मॅलिनमधल्या ऊतींवर अजून नाही. माहितीपत्रकात म्हणून फक्त वेस्टर्न ब्लॉटच लिहिलं आहे.