ताबो ते कुंझुम: डिफरन्शियलची गळती आणि बुजलेला ब्रीदर

स्पितीतल्या ताबोला सकाळी गाडी पुढे घेतली आणि जिथं ती रात्रभर उभी होती तिथं, मागच्या दोन चाकांच्या बरोबर मध्ये, तळहाताएवढा डाग दिसला. पुण्याहून निघाल्याचा तो आठवा दिवस. किन्नौर संपलं होतं, कुंझुमची खिंड अजून पुढे होती.

आधी डाग बोटावर घेऊन वास घेतला. उग्र, गंधकाचा. म्हणजे गिअर ऑइल, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीतलं, म्हणजे डिफरन्शियलमधलं. डिझेल गाडीचं इंजिन ऑइल काळंभोर असतं आणि पुढच्या बाजूला पडतं, ब्रेक ऑइल पातळ असतं. हा वास एकदा घेतला की विसरत नाही. घरी ऑइल बदलाल तेव्हा मुद्दाम घेऊन ठेवा.

खाली शिरलो तर हाउसिंगवर, म्हणजे डिफरन्शियलच्या कवचावर, धुळीचा ओला लगदा, सगळीकडे सारखाच. अशा वेळी गळती कुठून आहे याचा अंदाज बांधू नये. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं हाउसिंग लख्ख पुसलं, कोरडं केलं, वर टाल्कम पावडर मारली आणि काझाच्या रस्त्याला लागलो. दहाएक किलोमीटरवर थांबून पुन्हा पाहिलं. भाचा टॉर्च घेऊन आडवा झाला होता. "मामा, वर बघ, फ्लोअरला रेघ पडलीय." इंजिनाचं फिरणं मागे आणणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथं डिफरन्शियलला जोडतो, बरोबर त्याच्या वर ऑइलचे शिंतोडे एका ओळीत उडाले होते. मागचं कव्हर कोरडं, ड्रेन प्लग कोरडा. म्हणजे पिनियनचं ऑइल सील, त्या शाफ्टनं फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी.

मग चारही चाकांच्या आतल्या बाजू हात फिरवून तपासल्या. हे मात्र कधीही चुकवू नका. ॲक्सलचं (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) सील गेलं तर ऑइल ब्रेकवर उतरतं, आणि तसल्या गाडीनं घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. आमची चाकं कोरडी होती, म्हणून हळूहळू काझा गाठलं.

तिथल्या मेकॅनिक उस्तादांनी गाडी सपाट जागी लावायला सांगितली आणि आधी ऑइल भरायचा वरचा प्लग सैल केला. (हाच क्रम ठेवा. खालचा प्लग काढून ऑइल सांडलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी तिथंच बसते.) प्लग सुटताच फुस्स करून हवा बाहेर पडली. उस्ताद सील तसंच ठेवून ब्रीदर शोधायला लागले.

ब्रीदर म्हणजे हाउसिंगवरची एक छोटी नळी, आतली हवा आत-बाहेर होण्यासाठी. आमची वेल्ह्याच्या चिखलानं पक्की बुजली होती, पावसाळ्यापासून. घाटात ऑइल तापतं, हवा फुगते. त्यात उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो. कुंझुमच्या सुमारे ४,५५० मीटरवर तर तो समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांहूनही कमी. आतली कोंडलेली हवा वाट शोधते आणि सीलच्या ओठातून ऑइल ढकलते. पुण्यात वर्षभर थेंब न पडलेली गाडी स्पितीत गळली ती त्यामुळे. नुसतं सील बदललं असतं तर नवंही गळलं असतं.

ब्रीदर रॉकेल आणि तारेनं मोकळा केला. ऑइलची पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी, आमची बोटाच्या पेराएवढी खाली होती. तेवढं ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं गिअर ऑइल भरलं आणि किब्बरपर्यंत जाऊन आलो. शिंतोडे थांबले, पण ओल राहिली. सीलचं रबर कडक झालं होतं. सुदैवानं नवं सील सोबत होतं, दुसऱ्या दिवशी बदललं.

या कामात एक गोष्ट उस्तादांनी फार जपली. पिनियनच्या नटामागे बऱ्याच गाड्यांत कोलॅप्सिबल स्पेसर (आवळला की चेपणारी नळी) असतो, बेअरिंगचा ताण त्यावर ठरतो. म्हणून नट, पिनियनचा दांडा आणि फ्लँजवर (प्रॉपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीवर) पंचनं खूण केली, उलटे फेरे मोजले आणि जोडताना नट त्याच खुणेवर आणला. जोर लावून जास्त आवळला तर बेअरिंग जातं. फ्लँजवर सीलनं खाच पाडली आहे का तेही पाहिलं. बारीक पॉलिश पेपरनं भागलं. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, पाइपच्या तुकड्यानं चारी बाजूंनी सारखं ठोकून बसवलं.

जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पुढचे-मागचे दोन्ही ब्रीदर तपासावेत. गाडीच्या पार्ट नंबरप्रमाणे पिनियन आणि ॲक्सलची सीलं, लिटरभर गिअर ऑइल आणि ते भरायला नळी लावलेली पिचकारी बरोबर ठेवा. सुटे भाग रामपूरपर्यंतच घ्या, पुढे मिळतीलच असं नाही.

कुंझुमनंतर बातलच्या पुढे नाले लागतात. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, म्हणून प्रत्येक मोठ्या नाल्याआधी पंधरा मिनिटं थांबलो. मनालीत प्लग उघडून बोट बुडवलं. ऑइल दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे पाणी शिरलं नव्हतं, पातळीही तेवढीच होती.