सही नसलेला कागद

भाईंचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची मुलगी माझ्या ऑफिसात येऊन बसली. मांडीवर प्लास्टिकची फाइल, तीत सगळ्यात वर मुखत्यारपत्र, नोटरीच्या शिक्क्याचं. "ताई, बाबांनी मला सगळे अधिकार दिलेत. मग बँक माझ्या सहीचा चेक का घेत नाही?"

देणारा गेला की त्याच क्षणी मुखत्यारपत्रही संपतं. हे वाक्य मी वकिलीत कितीदा उच्चारलं असेल. त्या सकाळी ते तोंडातून निघेना. पोरीने बाप गेल्यानंतर चौथ्या दिवशी काजू कारखान्यातल्या कटिंगच्या, म्हणजे बी फोडणाऱ्या, बायकांचा पगार त्याच कागदाच्या जोरावर काढायचा प्रयत्न केला होता. लबाडी नव्हती त्यात. बायकांची चूल थांबू नये एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत भाईंचा काजूचा कारखाना आहे. (घरच्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) बी उकडायची, फोडायची, गर वाळवायचे, साल काढायची, मग मोठे-बारीक निवडायचे. डब्ल्यू 320 म्हणजे पौंडाला साधारण 320 गर, हे मला त्या मुलीनेच शिकवलं. गेली सहा वर्षं खरेदीपासून व्यापाऱ्यांच्या फोनपर्यंत कारखाना तीच बघते आहे. कागदावर मात्र ती कुठेच नाही. प्रोप्रायटर भाई. सीसी खातं, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचल घ्यायचं कॅश क्रेडिट खातं, भाईंचं, जीएसटी भाईंच्या पॅनवर, अन्न परवाना भाईंच्या नावे. कायद्याच्या लेखी प्रोप्रायटर आणि त्याचा धंदा हे एकच, त्यामुळे भाईंचा श्वास थांबला आणि कारखान्याचाही थांबला. तोही एप्रिलात, बी खरेदी ऐन भरात असताना. शेतकऱ्यांना दिलेले पुढच्या तारखांचे अकरा चेक परत आले.

मला इथे सीए मंडळींचा राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही. पंधरा-पंधरा वर्षं माणसाचे रिटर्न भरतात, पै-पैचा कर वाचवतात, पण उद्या तुम्ही नसलात तर काय, हा एक प्रश्न विचारत नाहीत. भाईंना मी भागीदारी सुचवली होती, आणि तीही तिघांची: ते, वहिनी आणि मुलगी. दोघांचीच भागीदारी असली तर एक गेल्यावर उरलेला एकटा, मग फर्म राहतेच कुठे? तिघं असतील आणि एकाच्या मृत्यूने फर्म मोडणार नाही असं भागीदारीपत्रात लिहिलेलं असेल, तर 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे फर्म चालू राहते. भाई म्हणाले, "बँक परत सगळे कागद मागतली, कोण करीत बसतला?"

त्या दिवशी हातात होतं तेवढं केलं. अन्न परवान्याचं एक कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. परवानाधारक गेला तर त्याच्या वारसांसाठी तो परवाना मृत्यूच्या तारखेपासून 90 दिवस जिवंत राहतो. म्हणजे तेवढ्या मुदतीत कुणाच्या तरी नावाने अर्ज गेला की बॉयलर थंड करायची गरज नाही. जीएसटीचा नंबर वारसांना मिळत नाही, नवीन घ्यावा लागतो. पण शेतकऱ्याकडून बी घेताना रिव्हर्स चार्जने जो 5 टक्के कर कारखानदार स्वतः भरतो, त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वळती होणारी रक्कम, भाईंच्या खात्यात पडून होतं. ते आयटीसी-02 या फॉर्मने नव्या नंबरवर आणता येतं. हे सांगितलं तेव्हा पोरीचा चेहरा त्या सकाळी पहिल्यांदा सैल झाला.

मग मी विचारलं, नवीन नंबर कुणाच्या नावाने? आणि खरी गाठ तिथे होती.

मृत्युपत्र नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस चौघं: पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. भाईंची आई हयात आहे, वय चौऱ्याऐंशी. कारखान्याची जागा भाईंनी स्वतः विकत घेतलेली, म्हणजे प्रत्येकाला चार चार आणे. पुण्याचा मुलगा समजूतदार आहे, त्याला कारखाना नको. पण आजीचे चार आणे? आजी मृत्युपत्र न करता गेली, तर त्यातले दोन आणे भाईंच्या दोन मुलांना आणि दोन आणे भाईंच्या डोंबिवलीच्या धाकट्या भावाला. या भावाशी भाईंचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. भावाजवळ आणखी एक कागद होता. भाईंच्या लग्नाआधीच्या एका मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून त्याचं नाव होतं आणि ती ठेव आपलीच झाली अशी त्याची समजूत. नॉमिनीने पैसे हातात घ्यायचे आणि ते वारसांचे म्हणून सांभाळायचे. बँकेतल्या ठेवींबाबत सुप्रीम कोर्टाने 2010 साली हे स्पष्ट सांगितलंय, तरी गावोगावी नॉमिनी म्हणजे मालक हेच धरून चालतात.

आता माझ्या कपाटातल्या कागदाबद्दल. दोन वर्षांपूर्वी भाईंनी माझ्याकडून मृत्युपत्राचा मसुदा करून घेतला होता. घरी नेला, निळ्या पेनाने दुरुस्त्या केल्या, परत आणून दिला. स्वच्छ टाईप करून मी फोन केला. दोन साक्षीदार आणा, त्यांच्यासमोर सही करा, काम झालं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साधा कागद चालतो. भाई म्हणाले, गणपती होऊंदेत. मग म्हणाले, सीझन होऊंदे. आपल्याकडे मृत्युपत्र हा शब्दच घरात काढवत नाही, काढला तर म्हातारी माणसं मीठ-मोहऱ्या उतरून टाकतात. मला हे माहीत आहे. म्हणून मी तिसरा फोन केला नाही. तो करायला हवा होता.

त्याच आठवड्यात घरी बसणं झालं. धाकटा भाऊ खास डोंबिवलीहून आला होता. बेत असा ठरत आलेला, की आजीने हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा नातीला द्यायचा. सगळे माझ्याकडे बघत होते, जणू माझी बॅग उघडली की कागद तयार. आजी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "गो बाय, खरां सांग. सही केलंय तर माजा काय रवता?"

मी खरं सांगितलं. कारखान्यात काही राहत नाही. त्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "बघ आई, हेच सांगत होतो." वहिनी रडायला लागल्या.

आणि मी तो मसुदा बॅगेतून काढला. त्याला कायद्यात काडीची किंमत नाही, हे आधी सगळ्यांना सांगितलं. कारखाना मुलीला, हे वाचलं. मग समासात भाईंनी निळ्या पेनाने लिहिलेली ओळ वाचली: "आईचे औषधपाणी कारखान्यातून. खंड नको." आजीने कागद मागून घेतला. तिला वाचता येतं, पण चष्मा नव्हता. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं, एकदा, मग परत एकदा उलट्या दिशेने. "ह्या तेचांच अक्षर," ती म्हणाली. "ह्यो खंडाचो 'ख' असोच काढी तो, शाळेपास्ना."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेलं अशील गेल्यावरही गुप्तच राहायला हवं. आणि त्याहून मोठी गोष्ट: मी त्या खोलीत कुणाची वकील होते? भाईंची होते, आणि ते नव्हते. मुलीने मला बोलावलं होतं. आजीने विश्वासाने प्रश्न विचारला होता, आणि मी तिच्यासमोर तिच्या मेलेल्या मुलाचं अक्षर धरलं. ओळ खरी होती, भाईंची इच्छा तीच होती. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईवर यापेक्षा मोठा दाब काय असतो?

म्हणून त्या दिवशी मी हक्कसोडपत्र केलं नाही. पंधरा दिवस मागितले. आजीला माझ्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या वकिलाकडे पाठवलं, म्हणजे त्यांनाच घरी जायला लावलं. मुलगी माझ्यावर चिडली, सीझन निसटत होता, आणि तिचं चिडणं बरोबर होतं. शेतकऱ्यांचे थोडे पैसे तिने स्वतःच्या बांगड्या ठेवून भागवले. त्या वकिलांच्या सांगण्यावरून दस्तात अट आली: आजीचं राहणं, जेवणखाण, औषधपाणी नातीने करायचं, न केल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली दस्त रद्द करून घेता येईल. ही अट दस्तात स्पष्ट शब्दांत असलेली बरी. प्रेम आहे म्हणून लिहायचं राहून गेलं की पुढे हात बांधले जातात. धाकट्या भावाला ते वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. ठेवीच्या कागदावर मात्र त्याने अजून सही दिलेली नाही.

आजीला जिना चढवत नाही, म्हणून दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक गृहभेटीला येणार आहेत, उद्या साडेअकराला. काल मुलीचा फोन आला, अंगठ्यासाठी शाईची पेटी आणू का म्हणून. बोटांचे ठसे यंत्रावर घेतातच, म्हटलं, पण आजी सहीच्या जागी काय करणार ते विचार. पलीकडून आजीचाच आवाज आला, खणखणीत. "अंगठो कित्याक? माका सही येता. सकाळपासून पाटयेर काढतंय."