काच ठिसूळ आहे, म्हणून ती मऊ आहे

हे वाक्य माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीने चाचणीत लिहिलं होतं. आधी हसू आलं. पुढचे पेपर तपासत गेले तसं ते ओसरलं. 'ठिसूळपणा म्हणजे काय?' याचं उत्तर तिने स्वल्पविरामासकट पुस्तकातलं लिहिलं होतं, आणि इतरांनीही. पदार्थांचे गुणधर्म मी तीन तासिकांत उरकले होते. व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या, त्या मुलांनी जशाच्या तशा मला परत केल्या. व्यवहार पूर्ण!

मी सिन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. प्रयोगशाळा म्हणजे काचेची दारं असलेलं एक कपाट. त्यात एक भिंग, दोन चंचुपात्रं, चुंबक आणि बरीचशी धूळ. धडा पुन्हा घ्यायचं ठरवलं तेव्हा डिसेंबर लागला होता आणि अभ्यासक्रम मागे पडलेलाच होता, हेही सांगून टाकते.

"उद्या येताना बांधावरची एकेक गारगोटी आणा," म्हटलं. आमच्याकडे गारगोट्यांना तोटा नाही. सगळा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा मुलूख. लाव्हा थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्याबरोबर झिरपलेली खनिजं त्यांत साठत गेली. त्यांचे स्फटिक जगभरचे हौशी लोक जमवतात. सिन्नरला तर 'गारगोटी' याच नावाचं संग्रहालय आहे. आमच्या पोरांना मात्र गारगोटी माहीत असते ती अंधारात दोन घासल्या की उजेड पडतो म्हणून.

नख, तांब्याची तार, काचेचा तुकडा आणि गारगोटी अशी रांग मांडली. नियम एकच: जो दुसऱ्यावर ओरखडा काढेल तो जास्त कठीण. फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने 1812 साली याच युक्तीवर खनिजांची 1 ते 10 अशी उतरंड लावली. तळाशी संगजिरं, वर हिरा. त्या मापाने नख अडीचच्या आसपास, तांबं 3, काच साडेपाच आणि गारगोटी 7. मुलांना आकडे सांगितले नाहीत. त्यांनी ओरखडे काढून तीच रांग लावली. गारगोटीने काचेवर रेघ उठली, काचेने गारगोटीचं काही झालं नाही. वर्गाचा निकाल लागला: गारगोटी सगळ्यांत दणकट.

मग मी ती गोणपाटात गुंडाळली (कपच्या डोळ्यात उडतात, नुसती फोडायला देऊ नका) आणि हातोडीचा एक घाव घातला. उघडून बघतो तर चार तुकडे आणि भुगा. तांब्याच्या तारेवर तसेच घाव घातले, तर ती चपटी होत गेली पण तुटली नाही. वर्ग गप्प. मग एकजण म्हणाला, "मॅडम, पण ती कठीण होती ना?"

अडचण शब्दातच होती, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या घरी कठीण असतो तो पेपर, किंवा दिवस. दगडाला टणक म्हणतात. आणि टणक म्हणजे न फुटणारा, असा त्यांचा समज. त्यानंतर वर्गात मी टणकच म्हणत राहिले. परीक्षेत 'कठीण' लिहा, एवढं बजावलं. पुस्तकाच्या शब्दाशी माझं भांडण नाही. पण पोरांच्या डोक्यात आधीच एक अर्थ बसलेला असताना दुसरा नुसत्या व्याख्येने कसा शिरणार?

अवस्थांचा भाग सोपा जाईल असं वाटलं होतं. "द्रव वाहतो आणि भांड्याचा आकार घेतो," मी म्हटलं. मधल्या रांगेतला एक पठ्ठ्या म्हणाला, "बाजरीपण वाहती, मॅडम. पोत्यात पोत्यासारखी, डब्यात डब्यासारखी. मग ती द्रव का?"

"नाही," मी म्हटलं. "का नाही?" याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. "उद्या सांगते," म्हणून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि शेजारी तांब्याभर बाजरी. पाणी पसरलं, बाजरीची रास झाली. "खळ्यात पाण्याची रास लावता येईल का रे?" पोरं हसली. मग भिंगातून एक दाणा दाखवला. डब्यात ठेवा की तळहातावर, दाण्याचा आकार तोच. पठ्ठ्याने विचार करून सांगितलं, "म्हणजे एकेक दाणा स्थायू, पण सगळे मिळून पाण्यावानी वागत्यात." याहून बरं मला सुचलं नसतं.

घनतेचं मला सगळ्यात भ्या होतं. 1 लिटरच्या मापाने बाजरी मोजली, तिचं वजन 800 ग्रॅमच्या आसपास. त्याच मापाने मुरमुरे, ते जेमतेम 100. जागा तेवढीच, वजन वेगळं. मुलं माना डोलवत होती, पण मला त्या माना आता ओळखीच्या झाल्या होत्या. म्हणून विचारलं, "आता याच मापात दूध घेतलं तर? पाण्यापेक्षा जड की हलकं?"

मागून आवाज आला, "मॅडम, म्हणजे डिग्री!"

त्या मुलाच्या घरी चार गाई. सकाळी डेअरीत दूध घालायला तोच जातो. फॅट आणि डिग्री हे शब्द त्याच्या तोंडात रोजचे. पुढची दहा मिनिटं तास त्यानेच घेतला: दुधात लॅक्टोमीटर सोडतात, पाणी घातलेलं असलं की तो जास्त खाली जातो, डिग्री कमी लागते आणि भाव पडतो. मी फक्त जोड दिली. 28 डिग्री म्हणजे त्या दुधाचं 1 लिटर साधारण 1028 ग्रॅम भरतं, पाण्याचं 1000. पाणी मिसळलं की आकडा 1000 कडे सरकतो. घनतेची व्याख्या त्या दिवशी मी लिहून दिलीच नाही.

चमच्यांच्या प्रयोगात माझी फजिती झाली. गरम पाण्यात स्टीलचा चमचा, तांब्याची जाड पट्टी आणि लाकडी डाव उभे केले. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला तुपाने मटकीचा दाणा चिकटवलेला. तांब्यावरचा दाणा पडला. लाकडावरचा नाही, हे ठीक. पण स्टीलवरचाही पडेना. पाणी निवलं तरी जागेवर! "धातू उष्णतेचे सुवाहक" हे वाक्य फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं. "मग स्टील धातू नाही का?" घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं की स्टेनलेस स्टील तांब्याच्या मानाने सुमारे पंचविसावा हिस्साच उष्णता वाहून नेतं. पातळ स्टीलच्या पातेल्यात जिथे आच लागते तिथेच दूध का लागतं, हे मला वीस वर्षं पातेली घासूनही सुचलं नव्हतं.

डिसेंबरचा एक फायदा झाला. सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असायची. साधारण 24 अंशांच्या खाली ते गोठतं, पण शेजारच्या बाटलीतलं पाणी तसंच राहतं. अर्धं थिजलेलं तेल बाटलीत तळाला बसलं होतं. पाण्यात बर्फ मात्र तरंगतो. असं का, या प्रश्नाचं उत्तर सहावीच्या कुवतीबाहेरचं आहे, म्हणून "बर्फ होताना पाणी फुगतं" एवढ्यावर थांबले. ते कुणाला फारसं पटलं नाही.

फेरचाचणीत गुण काही उड्या मारून वाढले नाहीत. संप्लवनावर (स्थायूचा थेट वायू होणं) तर निम्म्यांनी कोरं सोडलं, कारण कापराचा प्रयोग वेळेअभावी राहूनच गेला. काचेवाल्या मुलीने या वेळी लिहिलं: 'काच टणक (कठीण) पण आहे आणि ठिसूळ पण आहे, गारगोटीसारखी.' कंसासकट पूर्ण गुण दिले.

कपाटाच्या काचेवर मात्र आता वीतभर लांबीचा ओरखडा आहे. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं. कोणी काढला ते वर्गाला माहीत आहे, मलाही माहीत आहे.