एका अक्षराचे पाच पत्ते

बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे जीवशास्त्रातली माहिती संगणकावर वाचण्याचं शास्त्र, शिकायचं म्हटलं की बहुतेक जण आधी पायथॉनचा कोर्स शोधायला लागतात. जीवशास्त्राच्या किंवा वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक आजार घ्या, त्याचं जनुक घ्या आणि त्यातलं एकच अक्षर संगणकावर शोधून काढा. वाटेत जिथे जिथे अडाल, तिथे हा विषय शिकाल.

त्यासाठी सिकल सेलइतकं सोयीचं उदाहरण नाही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम केलेल्या डॉक्टरांना 'एएस' (वाहक) आणि 'एसएस' (आजारी) पॅटर्न रोजचेच. या दोन्हींच्या मुळाशी डीएनएतलं एक अक्षर आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक एचबीबी. ते अकराव्या गुणसूत्रावर आहे, लांबी जेमतेम १,६०० अक्षरं, एक्सॉन (जनुकातले अंतिम संदेशात टिकणारे भाग) तीन. प्रथिनाची कृती जिथून सुरू होते तिथली अक्षरं अशी (तीन-तीनचं एक त्रिकुट, एका त्रिकुटाचं एक अमिनो आम्ल):

एटीजी – जीटीजी – सीएटी – सीटीजी – एसीटी – सीसीटी – जीएजी – जीएजी

सातव्या त्रिकुटातला मधला 'ए' बदलून 'टी' झाला की जीएजीचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. बस, एवढंच. आता हे अक्षर कितवं?

पाठ्यपुस्तक म्हणतं, सहावं अमिनो आम्ल. व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७मध्ये हा बदल दाखवला तो थेट प्रथिनावर, आणि तयार प्रथिनात सुरुवातीचं मेथिओनिन कापून गेलेलं असतं. आजचे नियम एटीजीपासून मोजतात, म्हणून रिपोर्टवर सातवं येतं. डीएनएच्या भाषेत ('सी.' म्हणजे प्रथिनाच्या कृतीतली अक्षरं एटीजीपासून मोजून) तेच सी.२०ए>टी: सहा त्रिकुटांची १८ अक्षरं, त्यापुढचं दुसरं. 'सहावं' आणि 'सातवं' हे दोन वेगळे बदल समजून पेशंटच्या फाइलमध्ये दोन नोंदी पडणं अगदी शक्य आहे.

सहावं, सातवं आणि सी.२० हे तीन पत्ते झाले. पुढचे दोन पत्ते जीनोमवरचे, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएवरचे. मानवी जीनोमचा संदर्भ-नकाशा वेळोवेळी सुधारला जातो. २००९च्या आवृत्तीत, म्हणजे जीआरसीएच ३७मध्ये, हे अक्षर अकराव्या गुणसूत्रावर ५२,४८,२३२ व्या जागी आहे. २०१३च्या जीआरसीएच ३८मध्ये तेच ५२,२७,००२ व्या जागी. एकवीस हजारांहून जास्त घरं सरकलं! अनेक प्रयोगशाळा आजही जुनी आवृत्ती वापरतात. जुन्या आकड्याने नव्या नकाशात शोधलं तर संगणक चूक दाखवत नाही. तो मुकाट्याने भलतंच अक्षर दाखवतो, आणि तिथे बदल नसल्यामुळे तुम्ही 'निगेटिव्ह' लिहून मोकळे होता. म्हणून कुठलीही फाइल हाती आली की पहिला प्रश्न: आवृत्ती कोणती? दुसरा: गुणसूत्राचं नाव नुसतं '११' आहे की पुढे 'सीएचआर' लावलंय? दोन फाइलींत ते वेगळं असेल तर जुळणारी ओळ एकही मिळत नाही आणि निकाल रिकामा येतो.

आयजीव्ही हा जीनोम पाहण्याचा मोफत ब्राउझर उघडून नव्या नकाशातल्या त्या जागी जा. पडद्यावर दिसेल: सीटीसी – सीटीसी – एजीजी – एजीटी. जीएजी कुठेच नाही. घाबरू नका, डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एचबीबी उलट्या धाग्यावर आहे. ब्राउझर सुलटा धागा डावीकडून उजवीकडे दाखवतो, म्हणून जनुक मागून पुढे आणि पूरक अक्षरांत ('ए'ला 'टी', 'जी'ला 'सी') वाचावं लागतं. दुसऱ्या सीटीसीमधला 'टी' म्हणजेच आपला 'ए'. त्यामुळे व्हीसीएफ फाइलमध्ये (सापडलेल्या बदलांची यादी) हा बदल टी>ए असा येतो आणि रिपोर्टवर ए>टी. दोन्ही बरोबर. हे माहीत नसलेला माणूस मात्र फाइल 'दुरुस्त' करून ठेवतो. आणखी एक मेख: व्हीसीएफ एकपासून मोजते, बेड फाइल (जीनोमवरच्या जागांची यादी) शून्यापासून. बेडमध्ये हेच अक्षर ५२,२७,००१ ते ५२,२७,००२ असं लिहितात. एका घराने चुकलात तर शेजारच्या अक्षरावर जाता, आणि शेजारी हिमोग्लोबिन सी या वेगळ्याच प्रकाराचा बदल बसलेला आहे.

पेशंटचं रक्त ते व्हीसीएफ हा प्रवास थोडक्यात. सिक्वेन्सर साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचतो. फास्टक्यू फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याला चार ओळी: नाव, अक्षरं, अधिकचं चिन्ह आणि प्रत्येक अक्षराची गुणवत्ता. गुणवत्ता ३० म्हणजे हजारात एक चूक, २० म्हणजे शंभरात एक. तुकड्याच्या शेपटाकडे ती घसरते, म्हणून फास्टक्यूसी या प्रोग्रॅममध्ये आलेख पाहून फास्टपी या प्रोग्रॅमने शेपूट छाटतात. मग बीडब्ल्यूए हा प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा नकाशावर त्याच्या जागी बसवतं (ही बॅम फाइल), एकाच तुकड्याच्या पीसीआरने (प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत) झालेल्या प्रतींवर खूण करतात आणि जीएटीके हा प्रोग्रॅम फरक मोजून व्हीसीएफ लिहितं. गॅलक्सी या मोफत संकेतस्थळावर हे सगळं माउसने करता येतं.

त्या जागेवर ३० तुकडे असतील आणि १४मध्ये बदललेला 'ए' असेल तर ०/१ (जनुकाची एक प्रत साधी, एक बदललेली), म्हणजे वाहक. तिसांत चारच असतील तर घाई नको. बॅम उघडून ते चार डोळ्यांनी पाहा. सगळे एकाच दिशेचे, सगळ्यांत ते अक्षर तुकड्याच्या टोकाशी, असं असेल तर संशय घ्यावा.

सगळ्यात धोकादायक चूक याच्याही पुढे होते. एका एक्सोममध्ये (सगळ्या जनुकांच्या एक्सॉनांची तपासणी) हजारो बदल सापडतात, म्हणून लोक चाळणी लावतात: लोकसंख्येत १ टक्क्याहून जास्त आढळणारा बदल निरुपद्रवी, काढून टाका. सिकलचा बदल नोमॅड या लोकसंख्येतल्या बदलांच्या माहितीसाठ्याच्या आफ्रिकी गटात ४ टक्क्यांच्या आसपास आहे. मलेरियापासून वाहकांना संरक्षण मिळतं, म्हणून तो टिकून राहिला. म्हणजे नेमका तुम्ही शोधताय तोच बदल चाळणीतून गळून पडतो. क्लिनव्हार या बदल आणि आजार यांच्या नोंदींच्या साठ्यामध्ये रोगकारक म्हणून नोंदलेले बदल चाळणीआधी बाजूला काढून ठेवा.

हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या, आल्फा साखळीची गोष्ट वेगळी. एचबीए१ आणि एचबीए२ ही जनुकं इतकी सारखी आहेत की तुकडा कुठला हे बीडब्ल्यूएला ठरवता येत नाही. ते त्याला जुळणीची गुणवत्ता शून्य देतं आणि पुढचं सॉफ्टवेअर असे तुकडे मोजतच नाही. आल्फा थॅलेसेमियाचा (आल्फा साखळी कमी बनण्याचा आजार) ३.७ हजार अक्षरांचा लोप सिकलची तीव्रता बदलतो, पण नेहमीच्या व्हीसीएफमध्ये तो दिसत नाही. त्यासाठी गॅप-पीसीआर किंवा एमएलपीए ही डीएनएचा लोप शोधणारी वेगळी चाचणी करावी लागते.

आता समजा ०/१ आलं, पण मूल तर एसएससारखं आजारी आहे. मग एचबीबीचा उरलेला भाग पाहा. भारतात बीटा थॅलेसेमियाचा (बीटा साखळी कमी बनण्याचा आजार) सर्वात जास्त आढळणारा बदल सी.९२+५जी>सी आहे, म्हणजे पहिला एक्सॉन ९२व्या अक्षरावर संपल्यानंतरचं पाचवं अक्षर. जागा स्वतः काढा: २० ते ९२ म्हणजे ७२, अधिक ५, एकूण ७७. जनुक उलट्या धाग्यावर, म्हणून बेरीज नाही, वजाबाकी: ५२,२६,९२५. फाइलमध्ये तो सी>जी दिसेल.

दोन्ही बदल सापडले तरी ते एकाच प्रतीवर आहेत की आईकडून एक आणि वडिलांकडून एक, हे व्हीसीएफच्या दोन ओळींवरून कळत नाही. मात्र अंतर फक्त ७७ अक्षरांचं आणि तुकडा १५०चा. बॅममध्ये दोन्ही जागा झाकणारे तुकडे शोधा. सिकलचा 'ए' असलेल्या तुकड्यांवर थॅलेसेमियाच्या जागी साधा 'सी' असेल आणि साध्या 'टी'च्या तुकड्यांवर 'जी', तर बदल वेगवेगळ्या प्रतींवर आहेत, आणि मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया आहे.