सीडी-४ च्या कागदासाठी चार खेपा

ऐन वेचणीत चार खेपा झाल्या. चार रोज बुडाले आणि सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून तेच उत्तर, 'मंगळवारी या.'

एचआयव्ही निघाला, समुपदेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या, हे सगळं आठ दिवसांत उरकलं. अडलं ते सीडी-४ वर, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या मोजणीवर.

तोवर मी खाजगीत साधी रक्ततपासणी करून घेतली होती. पांढऱ्या पेशी ६,८००. कागदावर बोट ठेवून बायकोला म्हटलं, "पाय, सारं बराबर हाये." समुपदेशक ताईंनी तो कागद पाहिला आणि हसल्या. "भाऊ, ही साऱ्या गावाची शिरगणती झाली. कोतवाल किती उरले, ते यात नाही." सीडी-४ म्हणजे कोतवाल. रोगजंतू शिरला की दवंडी तो पिटतो, मग बाकीच्या पेशी कामाला लागतात. विषाणू नेमका त्याच्याच घरात शिरतो, तिथंच आपल्या नकला काढतो आणि त्याला संपवतो. बाकी पेशी जागेवर असतात, पण त्यांना उठवायला कोणी नसतं. माझ्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर महिनाभर का बसला होता, ते तेव्हा कळलं. ती बुरशी होती.

पहिल्या खेपेला यष्टी उशिरा पोचली, रक्त घ्यायची वेळ टळली होती. दुसऱ्यांदा रक्त दिलं. तिसऱ्यांदा कळलं, नमुना गोठला, पुन्हा द्या. जांभळ्या टोपणाची नळी रक्त घेतल्यावर हलक्या हातानं उलटीपालटी करावी लागते. माझी तशीच ठेवली होती, मी बघत होतो. बोललो नाही, ही माझी चूक. चौथ्यांदा 'अहवाल आला नाही', वर रांगेसमोर "तो एचआयव्हीवाला कोण?" अशी हाक. २०१७ चा कायदा आहे, आपल्या संमतीशिवाय हे कोणाला सांगता येत नाही. मीही मोठ्यानंच हे सुनावलं. हात थरथरत होते.

पाचव्या मंगळवारी कागद मिळाला. १८७. निरोगी माणसाचे साधारण ५०० च्या वर असतात. २०० च्या खाली म्हणून छातीची टीबी तपासणी झाली, न्यूमोनियापासून जपायला रोजची सल्फाची गोळी लागली.

हो, एक राहिलं. अहवाल अडला म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या थांबवू नका. सीडी-४ कितीही असो, त्या चालूच ठेवायच्या असतात. मी दोन दिवस थांबवल्या होत्या, नुसत्या रागानं. ताईंनी झापलं.

आता व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्या तपासणीची, तारीख आहे. पहिल्या यष्टीनं निघतो, डबा सोबत.