गल्लीतले रोहित्र आणि दारातली गाडी

संध्याकाळी सातच्या सुमारास चार्जर गाडीला जोडला की आमच्या मीटरवरचा भार १ किलोवॉटवरून थेट ८ च्या पुढे जायचा आणि शेजारच्या व्होल्टमीटरचा काटा २३० वरून २२२ पर्यंत उतरायचा. हा काटा रोज पाहू लागल्यापासून विजेच्या गाड्यांविषयीची माझी काळजी वेगळ्या जागी येऊन थांबली आहे. एकूण वीज पुरेल की नाही, ही चिंता मला दुय्यम वाटते, कारण दिवसाला ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सहा-सात युनिटच लागतात. खरा प्रश्न ती वीज किती वाजता आणि कोणत्या तारेतून घेतली जाते, हा आहे.

गल्लीच्या तोंडावरचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सगळी घरे एकाच वेळी पूर्ण भार घेणार नाहीत, हे गृहीत धरून बसवलेले असते. १०० केव्हीएच्या (केव्हीए हे क्षमतेचे एकक, इथे साधारण किलोवॉटइतकेच धरता येते) रोहित्रातून घरांना वीज तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या तारांतून, जाते आणि प्रत्येक फेजच्या वाट्याला सुमारे ३३ केव्हीए येतात; ७.४ किलोवॉटचे पाच चार्जर योगायोगाने एकाच फेजवर आले, तर स्वयंपाकघरे आणि पंखे जमेस धरण्याआधीच ती मर्यादा ओलांडली जाते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. रोहित्राच्या वेटोळ्यांवर कागदाचे आवरण असते आणि ठरावीक तापमानाच्या वर दर ६ अंशांमागे त्याचे जीर्ण होणे साधारण दुप्पट वेगाने होऊ लागते. आजवर रात्र ही रोहित्राची निवण्याची वेळ होती, आणि आपण नेमकी तीच घेत आहोत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

रात्रीचा स्वस्त दर हा उपाय चांगला आहे, पण अपुरा आहे. दर अकराला उतरत असेल, तर साऱ्यांचे टायमर अकरालाच सुरू होतात. संध्याकाळी लोक निदान मागेपुढे घरी येतात; टायमर मात्र एकाच मिनिटाला जागे होतात आणि संध्याकाळपेक्षाही उंच शिखर उभे राहू शकते. म्हणून सुरुवातीच्या वेळा विखुरणारे आणि रोहित्रावरचा भार पाहून स्वतःचा प्रवाह कमी करणारे चार्जर आवश्यक आहेत.

तोवर मी चार्जरचा प्रवाह ३२ अँपिअरवरून १० वर आणला आहे आणि सुरुवात रात्री दीडला ठेवली आहे. सात युनिट भरायला साडेतीन तास पुरतात. गाडी सकाळी आठला निघते.